पाय न टेकणारे काळबांडे सर

आमच्या सायकल गटाच्या व्हॉट्सअॅपवर अजून काळबांडे सरांचाच फोटो आहे. हेल्मेट, काळा चष्मा, कमरेवर हात आणि मागे चौसाळ्याची टेकडी. हनुवटी अशी वर केलेली, की टेकडी त्यांनीच उभारली असावी. सर पुण्याला मुलाकडे राहायला गेले त्याला दोन वर्षं होऊन गेली, पण तो फोटो बदलायची कुणाची हिंमत झालेली नाही. होळी जवळ आली की कुणीतरी लिहितं, 'सर, तुमच्याशिवाय मजा नाही', आणि त्याखाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागते. मीही हात जोडतो. जोडताना मनात जे येतं ते तिथे लिहिता येत नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

मला तो माणूस आवडत नसे. अकरावी-बारावीला त्यांनी आम्हाला भौतिकशास्त्र शिकवलं, तेव्हाही आवडत नसे. फळ्यावर उदाहरण सोडवून झालं की ते खडू टेबलावर ठेवत, हात झटकत आणि "हे तुमच्यापैकी एकालाही समजलेलं नाही, याची मला खात्री आहे," असं म्हणून मोठ्या समाधानाने वर्गाकडे बघत. आम्हाला समजलं तर त्यांना वाईट वाटायचं. निवृत्त झाल्यावर वर्ग गेला, पण त्या समाधानाची सवय काही गेली नाही. वर्षभर ते कासावीस होऊन यवतमाळभर फिरले आणि मग त्यांना सायकलचा शोध लागला.

आम्ही दहा-बारा जण. मी औषधांचा दुकानदार, डॉ. मानकर दातांचे डॉक्टर, एक कंत्राटदार, दोन-तीन बँकवाले, काही शिक्षक. पोटं सुटलेली, साखर वाढलेली, आणि डोंगरात चालवायच्या जाड चाकांच्या सायकली हौसेने घेतलेल्या. त्या सायकलींना डोंगर दाखवणारं कुणीतरी हवं होतं, ते काम सरांनी न विचारता अंगावर घेतलं. माघ संपत आला की पाच रविवार आम्ही त्यांच्या मागून निघत असू. निलोण्याचं धरण, चापडोह, जांबचं रान, आणि शेवटच्या रविवारी थेट केळापूर. सर याला 'वसंत सवारी' म्हणत. पळस फुललेला, मोहाचा वास सुटलेला, सकाळची हवा अजून गार. खरं सांगायचं तर त्या पाच रविवारांची मी वर्षभर वाट बघत असे, आणि याचं श्रेय त्या माणसाला द्यावं लागतं याचा मला वर्षभर राग येत असे.

सकाळी साडेपाचला बसस्थानकाजवळच्या चहाच्या टपरीसमोर जमायचं. सर पाच मिनिटं आधी हजर. उशिरा येणाऱ्याला बोलण्याचा आनंद त्यांना सोडवत नसे. इस्त्री केलेली अर्धी विजार, गळ्यात पांढराशुभ्र दुपट्टा. सायकलवर बसायच्या विजारीला इस्त्री करणारा दुसरा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. आल्या आल्या ते प्रत्येकाचं चाक अंगठ्याने दाबून बघत आणि निदान सांगत.

"कवळीसाहेब, तुमच्या चाकाला अशक्तपणा आहे. औषधी, तुझ्या चाकाला सूज आहे, मालकासारखीच."

औषधी म्हणजे मी. कवळीसाहेब म्हणजे डॉ. मानकर. सगळ्यांना सरांनी नावं ठेवली होती, आणि नावासोबत अरे की अहो तेही ठरवून टाकलं होतं. डॉक्टर, कंत्राटदार, बँकेचे मॅनेजर यांना अहो. मी त्यांचा विद्यार्थी, म्हणून मला अरे. आणि प्रवीण आडेला अरे, कारण प्रवीण एसटीत कंडक्टर होता. त्याचं नाव 'डबल बेल'.

प्रवीण आमच्यात सगळ्यांत तरुण, तिशीतला, आणि सायकल सगळ्यांत चांगली चालवणारा. त्याची सायकल कुणाची तरी वापरून झालेली होती, गिअर बदलताना कण्हायची. सरांच्या गटात पहिला नियम असा, की सरांच्या पुढे कुणी जायचं नाही. त्यांचा वेग इतका कमी, की रस्त्यातली कुत्रीही मागे लागत नसत. त्यांना त्यात काही राम वाटत नसावा. आणि प्रवीणला जागा ठरलेली, सगळ्यांत मागे. "कंडक्टर मागच्या दाराशीच शोभतो," असं सर म्हणत. पंप, जादा ट्यूब, पाना, सगळ्यांचं जास्तीचं पाणी त्याच्या पाठीवर. कुणाच्या चाकात काटा घुसला की सर पुढून ओरडत, "डबल बेल!" आणि प्रवीण हसत पुढे येई. तो खरंच हसत असे का, हे मला तेव्हाही कळत नसे आणि आजही कळत नाही.

दुसरा नियम पळसाचा. चढावर ज्याचा पाय जमिनीला टेकेल त्याच्या हेल्मेटात पळसाचं फूल खोचायचं, आणि ते त्याने घरी पोचेपर्यंत काढायचं नाही. मग रविवारच्या बाजारातून, ओळखीच्या माणसांतून, तुरा मिरवत जायचं. टपरीवाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना त्या फुलाचा अर्थ पाठ झाला होता. "काय डॉक्टर, आज पुन्हा?" म्हणून लोक रस्त्यात विचारत. यातली मजा मी नाकारत नाही. आम्ही एकमेकांना यथेच्छ पिडत असू. मानकर कंत्राटदाराला म्हणत, "तुमचा ब्रेक तुमच्या पुलासारखाच हाय, वेळेवर कामी येत नाही." कंत्राटदार म्हणत, "आमचा पूल पडला तं पुन्हा बांधता येते डॉक्टर. तुम्ही पाडलेला दात येते का?" आणि सर्वांत मोठ्याने दोघंच हसत.

सरांच्या हेल्मेटात मात्र कधी पळस लागला नाही. ते खरोखर पाय टेकत नसत. चढ आला की दात-ओठ खात, वेडीवाकडी वळणं घेत, पायी चालणाऱ्या म्हातारीच्या मागे राहून, पण ते चढत. माथ्यावर पोचले की दम लपवायला कुठल्यातरी झाडाकडे बोट करून त्याची माहिती सांगत. आम्ही माना डोलावत असू. त्यांना त्या न लागलेल्या फुलाचा जितका अभिमान होता तितका मला माझ्या डिग्रीचाही नाही.

बोलायचे ते अगदी पुस्तकी. यवतमाळात जन्म जाऊनही "मले-तुले" त्यांच्या तोंडून ऐकलेला माणूस नव्हता. आमचं कुणाचं वऱ्हाडी ऐकलं की त्यांच्या नाकावर सुरकुती यायची. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, अस्सल वऱ्हाडी बोलत, आणि सर चारचौघांत त्यांचंही वाक्य दुरुस्त करत.

थट्टा त्यांना करता येत असे, घेता येत नसे. एका रविवारी ऊन लवकर तापलं. सरांच्या कानशिलावरून घामाचा एक काळा ओघळ आला आणि पांढऱ्या दुपट्ट्यावर उतरला. केसांचा कलप. मानकरांना राहवलं नाही. "सर, तुमचं ज्ञान वितळून राह्यलं," ते म्हणाले. आम्ही सायकली सोडून हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी सायकल वळवली आणि थेट घरी गेले. पुढचे दोन रविवार आले नाहीत. शेवटी आम्ही चौघं पेढे घेऊन त्यांच्या घरी गेलो. दार काकूंनी उघडलं आणि हळूच म्हणाल्या, "या. तुम्ही येनार म्हनून सकाळपासून कपडे घालूनच बसले हायेत." आत सर पुस्तक उघडून बसले होते. मानकरांनी माफी मागितली. सरांनी ती स्वीकारली आणि वर आम्हाला समजावलं, "विनोदाला उतार लागतो. तो वरून खाली येतो, पाण्यासारखा. खालून वर नाही." पेढा त्यांनी दोन वेळा घेतला.

पण माझ्या मनातून ते कायमचे उतरले ते मातीच्या दिवशी. आदल्या रात्री अवकाळी पाऊस झाला होता. आम्ही आर्णी रोडने हिवरीच्या पुढे गेलो होतो, आणि सरांच्या मनात आलं, की परत येताना डांबरी सोडून वावरातल्या वाटेने यायचं. आमच्याकडची काळी माती ओली झाली की काय करते हे इथल्या बैलांनाही ठाऊक आहे. प्रवीण मागून पुढे आला.

"सर, वावरातून नोका जाऊ. माती धरते. चाक फिरनार नाही."

सरांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. "चाक फिरतं ते घर्षणामुळे," ते म्हणाले. "मातीत घर्षण जास्त. म्हणजे चाक अधिक चांगलं फिरेल. तिकिटं फाडण्यापलीकडेही एक शास्त्र असतं, डबल बेल."

शंभर पावलांत चाकं थांबली. माती अशी लपेटली, की चाक कुठे आणि सायकल कुठे हे कळेना. ढकलून जाईना, ओढून जाईना. शेवटी आम्ही दहा इज्जतदार माणसांनी आपापली महागडी सायकल खांद्यावर घेतली आणि तुरीच्या उभ्या खुंटांतून चालू लागलो. बांधावर एक बंजारा बाई डोक्यावर घागर घेऊन उभी होती. तिने आमची वरात नीट पाहून घेतली आणि प्रवीणला विचारलं, "हे मानसं सायकलवर बसतेत, का सायकल यायच्यावर बसते?"

प्रवीण लाजून हसला. रस्त्यावर पोचल्यावर काटकी घेऊन तो एकेकाच्या चाकातली माती खरवडत बसला. पहिली सायकल सरांची घेतली. खरवडता खरवडता म्हणाला, "आमचा तांडा इथून चार किलोमीटर हाय. चला ना सारे. माही याडी भाकरी टाकन." याडी म्हणजे आई, हे त्याने मागून सांगितलं.

"तिथे बघण्यासारखं काय आहे?" सर म्हणाले. गुडघ्यापर्यंत चिखल होता, पण भुवई वरच.

प्रवीणने खरंच विचार केला. "पाहासारखं काही नाही सर. जेवासारखं हाय."

आम्ही हसलो. सर हसले नाहीत, म्हणून आम्ही गेलो नाही. दुपारी व्हॉट्सअॅपवर सरांचा मजकूर आला, 'आज एक खडतर मार्ग यशस्वीपणे पार केला.' आम्ही हात जोडले.

त्यानंतरच्या वर्षी पहिल्याच रविवारी सरांनी टपरीसमोर घोषणा केली. गुडघे कुरकुरतात, हे आपलं पुढारपणाचं शेवटचं वर्ष. यंदा पाचही रविवार ज्याच्या हेल्मेटात पळस लागणार नाही, पुढच्या वर्षीचे रस्ते तो ठरवेल, आणि सगळे त्याच्या मागून जातील. "अगदी कोणीही असो," असं म्हणून ते दिलदारपणे हसले, कारण कुणी असणार नाही याची त्यांना खात्री होती.

दोन दिवसांनी प्रवीण दुकानात आला. आईच्या गुडघ्यांसाठी मलम न्यायला. मलम घेऊनही तो जाईना.

"भाऊ, मी यंदा पाय टेकत नाही," तो म्हणाला. "ड्युटीच्या आधी रोज टेकडी करून राह्यलो."

"पुढारी व्हायचंय का?" मी विचारलं.

"कायचं पुढारी! एक डाव तुम्ही सारे माह्या मागं तांड्यावर आले पाह्यजे, बस. याडी म्हंते, दर इतवारी तू ज्या लोकाईसंग जातं, थे लोक खरंच हायेत का? का तू उगाच सांगतं?" तो हसला. "तिले वाटते मी एकटाच कुठं तरी जातो अन् येतो."

मी म्हटलं, बघ, जमेल तुला. आणि मनापासून म्हटलं, असं मला त्या वेळी वाटलं होतं.

पहिल्याच रविवारी माझ्या हेल्मेटात पळस लागला. चौथ्या रविवारपर्यंत सगळ्यांना लागून झाला. उरले दोघं, सर आणि प्रवीण. आता थट्टेला जोर चढला. मानकर चढ आला की बसच्या घंटीसारखे "टिंग टिंग" ओरडत. कंत्राटदार म्हणत, "सर, यंदा तिकीट काढाच लागते." सर ओठ आवळून पॅडल मारत. त्यांची गंमत संपलेली होती, हे मला दिसत होतं आणि त्याची मला मजा वाटत होती.

शेवटचा रविवार केळापूरचा. पहाटे निघालो, परत यायला टेम्पो ठरवलेला. वाटेत डांबरी सोडून सागाच्या रानातून एक मुरमाड चढ लागतो. सर त्याला 'परीक्षा' म्हणत. सागाची पानं गळून गेलेली, सावली नावाला नाही. चढावर पुढे जायची मुभा होती, त्यामुळे एकेक जण पुढे सटकला. मी नेहमीप्रमाणे अर्ध्यात उतरलो, सायकल ढकलत शेवटच्या वळणापर्यंत गेलो आणि तिथल्या दगडावर बसून पाणी पिऊ लागलो. बाकीचे वळणापलीकडे माथ्यावर मोहाच्या झाडाखाली पोचले होते. त्यांचे आवाज येत होते. खाली मला दोघंच दिसत होते. सर, आणि त्यांच्या मागे वीस पावलांवर प्रवीण.

सरांचं पुढचं चाक मुरमात घसरलं. त्यांनी ते सावरलं, पुन्हा घसरलं. मग त्यांचा डावा पाय जमिनीला टेकला. मग उजवा. मग सायकल आडवी पडली आणि सर रस्त्याच्या कडेला मटकन बसले.

रस्ता रुंद होता. प्रवीणला बाजूने निघून जाता आलं असतं. त्याचा श्वासही लागलेला नव्हता. तो सरांच्या बाजूला आला, एक क्षण तसाच संथ पॅडल मारत राहिला, मग उतरला. स्वतःची सायकल त्याने मुरमात टाकली. सरांचं हेल्मेट काढलं, दुपट्टा ओला करून त्यांच्या डोक्यावर ठेवला, पाठीला हात लावून बसला. रान इतकं शांत होतं की मला शब्द ऐकू आले.

"पानी दे मले," सर म्हणाले. "जीव घाबरून राह्यला बे माहा."

तीस वर्षांत मी ऐकलेलं त्यांचं ते पहिलं वऱ्हाडी वाक्य.

"काही होत नाही सर," प्रवीण म्हणाला. "दम खा. कोनी पाहून नाही राह्यलं."

पाच-सात मिनिटं गेली असतील. मी खाली गेलो नाही. नंतर मी स्वतःला सांगितलं, की प्रवीण होताच की तिथे. मग सरांनी हेल्मेट चढवलं, प्रवीणने त्यांची सायकल धरली, त्यांना बसवलं आणि मागून हात लावून पळत पळत चढाच्या सोप्या भागापर्यंत ढकलत नेलं. तिथून सर स्वतः निघाले. प्रवीण खाली परत गेला, आपली सायकल उचलली, आणि त्या उभ्या चढावर थांबल्या जागेवरून चढून आला. तसं चढणं आमच्यापैकी कुणालाही सात जन्मांत जमलं नसतं. मी तोवर माथ्यावर जाऊन सगळ्यांत मिसळलो होतो.

"काय सर, उशीर?" मानकरांनी विचारलं.

सरांनी चष्मा पुसला. भाषा पुन्हा धुवून-पुसून आली होती. "डबल बेलची सायकल अडली," ते म्हणाले. "त्याला उतरावं लागलं. मागच्याला सोडून कसं यायचं, म्हणून मी हळू आलो."

तेवढ्यात प्रवीण पोचला. सगळे ओरडले, "टेकला, टेकला!" मानकरांनी विचारलं, "उतरला होता का रे?" प्रवीणने सरांकडे पाहिलं. सर त्याच्याकडे बघत नव्हते. ते बाजूच्या पळसाची डहाळी वाकवून फूल निवडत होते, चांगलं टपोरं.

"हो, उतरलतो," प्रवीण म्हणाला.

त्यात खोटं काहीच नव्हतं. सरांनी त्याच्या हेल्मेटात फूल खोचलं. दोनदा फूल पडलं, आणि दोन्ही वेळा प्रवीणनेच ते उचलून त्यांच्या हातात दिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

"नियम तो नियम," सर म्हणाले. "म्हणजे आणखी एक वर्ष तुम्हाला माझा त्रास."

केळापूरला पोचेपर्यंत मी दहा वेळा बोलायचं ठरवलं. जेवताना बोलू, म्हटलं. मग टेम्पोत बोलू. सरांना चारचौघांत उघडं पाडायचं, ते पुन्हा रुसतील, मग पेढे घेऊन जा, मनधरणी करा, एवढ्याशा फुलासाठी कशाला, शेवटी गंमतच आहे, असं बरंच काही मी मनाशी जुळवलं. आणखीही एक कारण होतं. प्रवीणच्या मागून, तो सांगेल त्या रस्त्याने, पाचही रविवार जायचं, ही कल्पना मलाही फारशी गोड वाटली नव्हती. हे कारण मी त्या वेळी मनातही पुरतं उच्चारलं नाही.

सरांबद्दल मला जो तिटकारा होता तो त्या दिवसापासून दुप्पट झाला. तिटकारा करायला मला फार सोपं साधन मिळालं होतं. पुढच्या वर्षी सरांनीच रस्ते ठरवले. तेच धरण, तेच रान. प्रवीण दोन रविवार आला, पंप वाहत, पंक्चर काढत मागेच राहिला. तिसऱ्या रविवारपासून त्याची ड्युटी निघू लागली. टपरीवर कुणी म्हणालं, "डबल बेल दिसत नाही." सर म्हणाले, "एकदा पळस लागला की अशा माणसांचा उत्साह मावळतो." मी चहा पीत होतो. चहा पीत राहिलो.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला सर पुण्याला निघाले. गुडघे पार गेले होते आणि मुलाने बोलावलं होतं. संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सने ते जाणार होते. आम्ही सगळे थांब्यावर निरोप द्यायला गेलो, हार घेऊन. सरांनी सायकल सोबत न्यायची ठरवली होती. चालवणार नव्हतेच, पण टाकून जाववत नव्हती. गाडीच्या डिक्कीत ती नीट बसेना. क्लीनर ती कशीही कोंबायला लागला तसे सर ओरडले. आम्ही सगळे सूचना करत भोवती उभे होतो.

तेवढ्यात प्रवीण आला. खाकी कपड्यांतच, ड्युटीवर जायच्या आधी. त्याने सरांना वाकून नमस्कार केला, काकूंना केला, आणि मग डिक्कीत शिरून सायकलचं पुढचं चाक काढलं, हँडल वळवलं, दोरी मागून घेतली आणि पाच मिनिटांत सगळं बांधून टाकलं.

सर खिडकीशी बसले होते. काच सरकवून त्यांनी प्रवीणला हाक मारली. मला वाटलं, आता. आता तरी बोलतील. मी अगदी जवळ उभा होतो. सरांनी प्रवीणकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा प्रवीणकडे. त्यांचे ओठ हलले.

"घट्ट बांधलीस ना?" ते म्हणाले. "गिअर वाकला तर बघ."

"वाकत नाही सर," प्रवीण म्हणाला.

सरांनी काच लावली. गाडी हलली तेव्हा त्यांनी हात वर केला, तोही निरोपाचा नाही, वर्ग सुटल्यावर पोरांना जा म्हणतात तसा. मग आतून पडदा ओढला गेला. मी पाहिलेले काळबांडे सर ते एवढेच.

बाकीचे चहाला गेले. मी आणि प्रवीण थांब्यावरच राहिलो. त्याने हाताची ग्रीस फडक्याला पुसली. मला एकदम उमाळा आला. या माणसाच्या बाजूने आता तरी बोलावं असं वाटलं, आणि आता बोलायला काहीच अडचण नव्हती.

"काय माणूस आहे रे," मी म्हणालो. "शेवटपर्यंत कबूल केलं नाही. त्या चढावर त्यांचाच पाय टेकला होता, मला माहीत आहे. इतका हलका माणूस मी पाहिला नाही."

प्रवीण फडकं घडी करत होता. त्याने मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"सरचं समजते ना भाऊ," तो म्हणाला. "म्हातारा मानूस, भेला बिचारा. त्याले तेवढं एकच होतं." मग जरा थांबून म्हणाला, "तुम्ही वरच्या दगडावर बसून पाहून राह्यलते. दिसलते मले. मले वाटलं, भाऊनं पाह्यलं, आता भाऊ सांगते. वर आलो तवा मी सरकडं नाही, आधी तुमच्याकडं पाह्यलं होतं."

मी खिशातल्या किल्ल्या चाचपू लागलो.

"तुम्ही काहून नाही बोलले?"

त्याने उत्तराची वाट पाहिली. मग घड्याळ बघितलं, उमरखेडची गाडी लागली असंल म्हणाला आणि बसस्थानकाकडे निघून गेला.